मंगळसूत्र हीच पहिली लेयर : रोजच्या दागिन्यांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बँकेत आहे, रोज कुर्ती नाहीतर ड्रेस असतो. गळ्यात छोटं मंगळसूत्र, त्याच्याबरोबर आईने दिलेली बारीक सोन्याची चेन आणि एक चांदीचं पेंडंट असं तिन्ही घालते. सकाळी छान दिसतं पण लंचपर्यंत सगळ्याचा एकच गुंता होतो. आणि सोनं-चांदी एकत्र चालतं का?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, चालतं, अगदी बिनधास्त चालतं, पण आधी गुंत्याचं बघू. आपण काय करतो, मंगळसूत्र मोजतच नाही, ते तर रोजचंच आहे ना असं म्हणून सोडून देतो आणि वरून दोन चेनी घालतो, म्हणजे गळ्यात दोन नाही तर तीन झाल्या आणि त्यातल्या दोन नेमक्या एकाच उंचीवर येऊन एकमेकींत अडकतात. म्हणून मंगळसूत्र हीच पहिली लेयर धरायची आणि बाकी सगळं त्याच्या वर किंवा खाली बसवायचं. आरशासमोर उभं राहून साधा शिवणाचा दोरा गळ्यात घ्या, वाट्या जिथे येतात तिथे धरा, मग दोरा काढून टेपवर मोजा. समजा 18 इंच निघालं, तर आईची चेन 16 ची ठेवा, ती गळ्याच्या हाडापाशी बसेल, आणि पेंडंट 22 ला न्या. दोघींमध्ये निदान दोन इंचांचा फरक हवाच, आणि सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली, कारण वजन असलं की चेन ताणून राहते, हलकी चेन मात्र मानेबरोबर फिरत राहते आणि दुपारपर्यंत तिचा हूक पुढे येतो.

तिन्ही चेनी एकसारख्या बारीक नकोत हे पण लक्षात ठेवा. एक चपटी, एक मण्यांची अशा घ्या, मणी चेनीच्या कड्यांत शिरत नाहीत. काळे मणी तर आपल्याकडे आयतेच आहेत! आणि सोनं-चांदीचं उत्तरही त्यातच आहे, काळा रंग दोन्हीला जवळचा, त्यामुळे मध्ये काळ्या मण्यांची ओळ आली की वरचं सोनं आणि खालची चांदी भांडत नाहीत, मी स्वतः वर्षानुवर्षं असंच घालतेय.

लांबी बदलायला नवीन काही घ्यायला नको. माझंच मंगळसूत्र 20 इंची होतं आणि आवडत्या चेनीच्या बरोबर वर यायचं, तर मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी सराफ्यात गेले, दुकानांची शटरं खाली येत होती आणि ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाची तयारी चाललेली, पटव्याने तिथेच बसून पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला, जुनी ओवण सोडवली, दोन इंचांचे मणी कमी केले आणि काढलेले मणी कागदाच्या पुडीत बांधून हातात दिले. एवढ्याशा बदलाने सगळा गळा मोकळा दिसायला लागला. आईच्या चेनीला मात्र कापाकापी नको, मागे दोन इंचांची जोडसाखळी लावून घ्या, ती कधीही काढता येते.

आणि गुंता झालाच तर ओढू नका. चेन ताटलीत ठेवून गाठीवर चिमूटभर पावडर टाका आणि दोन सुया घेऊन हळूहळू सैल करा.

प्रश्न : कॉलेजात शिकवते, कार्यक्रमाला माहेश्वरी नेसते. सासूबाई म्हणतात गळा ओका दिसतो, मुलगी म्हणते आई तू फार घालतेस. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ तिन्ही आहेत माझ्याकडे.
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : दोघींचं बरोबर आहे आणि दोघींना खूश करता येईल. ठुशी गळ्याला लागून बसते, मोहनमाळ पार खाली उतरते, ह्या दोघींचं छान जमतं कारण मध्ये मोकळी जागा राहते. बोरमाळ त्या दिवशी कपाटात राहू द्या, ती मधल्या जागेत येते आणि तिथेच गर्दी होते. पण ब्लाउजचा गळा बंद असेल किंवा कॉलर असेल तर ठुशी पण नको, एकटी मोहनमाळ कापडावर सुरेख दिसते. आणि माहेश्वरीच्या ज्या काठामुळे साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते, त्या काठाला बुगडीच म्हणतात, तेव्हा आजीच्या बुगड्या डब्यात असतील तर काढाच, कानात बुगडी आणि काठावर बुगडी, यापेक्षा गोड मॅचिंग कुठलं! मग मात्र गळ्यात ठुशी एकटीच.

एक काळजी घ्या, जुन्या बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, ती गरम पाण्यात घालून धुवू नका, लाख मऊ होते. मऊ कापडाने पुसायची, बस.

प्रश्न : मी फर्स्ट इयरला आहे. ऑक्सिडाइज्ड झुमके घातले की कान खाजतात, लाल होतात. घालूच नको का?
– राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : अगं, बहुतेक वेळा हा निकेलचा त्रास असतो, स्वस्तातल्या मिश्रधातूत तो असतो. आधी कान पूर्ण बरे होऊ दे, पाणी येत असेल तर डॉक्टरांना दाखव. नंतर झुमका तोच ठेवून फक्त कानातून जाणारी तार सोनाराकडून चांदीची करून घे, चांदीवर 925 चा शिक्का बघून, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. कानाला लागते ती फक्त तार, त्यामुळे झुमके टाकून द्यायची गरज नाही. आणि मोठे झुमके असले की गळ्यात काही नको ना, हातात भरपूर घाल.

प्रश्न : मोत्याच्या कुड्या आणि तन्मणी रोज वापरता येतो का?
– राजवाड्याजवळून

उत्तर : कुड्या हो, तन्मणी सणासुदीला. मोती घाम आणि अत्तर दोन्हीने निस्तेज होतो, म्हणून पावडर, अत्तर, वेणी, सगळं आवरलं की शेवटी मोती घालायचे आणि घरी आलं की सगळ्यात आधी काढायचे. काढले की कोरड्या मलमलीने पुसून वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, बांगड्यांच्या डब्यात नको, सोन्याच्या कडेनेही मोत्यावर ओरखडे पडतात.