प्लायचे थर एकावर एक चिकटवून घरी स्पीकरचा बॉक्स बनवता येतो का?

येतो, आणि कडेच्या रेघांमुळे दिसतोही झकास. पण प्लाय प्रचंड खातो. १८ मिमीच्या २० चौकटी रचल्या की ३६० मिमी खोली मिळते, आणि प्रत्येक चौकटीचा मधला तुकडा वाया! सरळ चौकोनी बॉक्सच हवा असेल तर हा खटाटोप नको, सहा फळ्या पुरतात. खरी मजा गोलाकार बॉक्समध्ये.

पहिली चौकट जिगसॉने कापून पॉलिश पेपरने तंतोतंत करा, तोच साचा. बाकीच्या दोनेक मिमी मोठ्या कापा आणि साच्याला धरून राउटरच्या (लाकडाच्या कडा कोरणाऱ्या मशीनच्या) बेअरिंगवाल्या बिटने सारख्या करा. फेव्हिकॉल ब्रशने पातळ लावा, पण एकही कोरडा ठिपका राहता कामा नये. एका वेळी तीन-चारच थर. जास्त रचले तर क्लॅम्प आवळताना ओल्या गोंदावर सगळे सरकतात. दोन लाकडी खुंट्या ठोकल्या तर तो वैताग वाचतो.

स्वस्त कमर्शियल प्लाय टाळा. त्यात आत पोकळ्या असतात, कापल्यावर कडेला उघड्या पडतात आणि तिथून हवा गळते. परवडत असेल तर बर्च प्लाय घ्या. बॉक्सच्या आतली जागा किती लिटर ते ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या गोल युनिटच्या) डेटाशीटप्रमाणे ठेवा. ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि पोर्ट (बॉक्समधली हवा ये-जा करणारी नळी) जेवढी जागा अडवतात तेवढी वर धरा.