१५ एमव्ही (मेगाव्होल्ट) लिनॅकच्या, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राच्या खोलीत न्यूट्रॉन रेम मीटरचं (न्यूट्रॉनचा डोस मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग खरं मानावं का?

नाही, खोलीच्या आत तरी मानू नका. ते खऱ्या डोसपेक्षा बरंच कमी येऊ शकतं. लिनॅकचे न्यूट्रॉन सलग येत नाहीत, काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांमुळे (पल्स) झुंडीने येतात. मीटरमधली हेलियम-३ किंवा बीएफ३ (बोरॉन ट्रायफ्लोराइड) वायूची नळी एक न्यूट्रॉन मोजला की क्षणभर आंधळी होते, तेवढ्यात आलेले बाकीचे हुकतात. आकडा सरासरी असल्याने तो बिनधोक दिसतो, आणि हेच घातक आहे. सलग किरणांसाठीचं डेड-टाइम करेक्शनही (नळी आंधळी असताना हुकलेल्यांची दुरुस्ती) इथे लावू नका. आत बबल डिटेक्टर (न्यूट्रॉन लागले की ज्यात बुडबुडे होतात) किंवा पॉलिथिनमध्ये बसवलेली चांदी वापरा. चांदी न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होते आणि तिची मोजणी बीम बंद झाल्यावर निवांत करता येते. मात्र तिची अर्धायुष्यं (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे २५ सेकंद आणि २.४ मिनिटं, त्यामुळे रेंगाळू नका. भिंतीबाहेर, जिथे बहुतेक स्पंदांत एकही मोजणी होत नाही, तिथे रेम मीटर चालतो.