कृषी सल्ला: कोस्टा रिकातली इवली गांधीलमाशी आणि आपला ऊस

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो,

वाळवा, तासगाव आणि कराडकडून या आठवड्यात एकाच मेसेजबद्दल विचारणा झाली. 'मध्य अमेरिकेच्या जंगलात डोळ्यांना न दिसणारी नवी परजीवी गांधीलमाशी सापडली' असा तो मेसेज. ती चावते का, पिकाला तिचा धोका आहे का आणि उसाच्या खोडकिडीवर सोडायला ती विकत मिळेल का, हे तुमचे प्रश्न.

चावत नाही आणि पिकाला धोका तर मुळीच नाही. मेसेजमधली माशी म्हणजे टिंकरबेला नाना. बातमी तशी जुनीच आहे. जॉन ह्यूबर आणि जॉन नॉयस या कीटकशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. कोस्टा रिकातल्या ला सेल्वा संशोधन केंद्राच्या परिसरात ती मिळाली. लांबी फार तर पाव मिलिमीटर, पंख चिंचोळे आणि त्यांच्या कडेला लांब केसांची झालर. तिच्या कुळातल्या माश्या दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. आत वाढणारी अळी ते अंडं आतूनच खाऊन टाकते.

विकत मात्र मिळणार नाही. वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा ती कोणत्या किडीच्या अंड्यात वाढते हेच कळलेलं नव्हतं. शिवाय परदेशी मित्रकीटक आणायचा तर सरकारची परवानगी आणि चाचण्या लागतात. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी (रस शोषणारी, पिठासारखी पांढरी कीड) २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी ही माशी आणली, ती याच वाटेने, आणि तिने काम चोख केलं.

पण इतक्या लांब बघायची गरजच काय? खोडकिडीसाठी लागते ती माशी आपल्याकडे आहेच: ट्रायकोग्रामा चिलोनिस, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ट्रायकोकार्डवर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि प्रत्येक अंड्यात ही माशी वाढत असते. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी. सुरू लागणीत, म्हणजे थंडीच्या अखेरीस लावलेल्या उसात, लागणीनंतर महिनाभराने सुरुवात करा, एकरी २ ते ३ कार्डं, दर १० दिवसांनी, कोंब पोखरल्याचं दिसत असेपर्यंत. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला, शेतभर सारख्या अंतरावर स्टेपल करा. वेळ संध्याकाळची. दुपारच्या उन्हात लावलेलं कार्ड वाया गेलंच म्हणून समजा. लावण्याआधी आणि नंतर आठ-दहा दिवस कीटकनाशक मारू नका. कार्डं आणि औषध दोन्ही एकाच आठवड्यात वापरून 'कार्डाचा उपयोग होत नाही' म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यात कार्डाचा दोष नसतो.

काम झालं की नाही हे स्वतःच बघा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कोवळ्या उसाचं पान उलटं करा. खोडकिडीची ताजी अंडी पांढरट, चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रांगेत असतात. माशीने गाठलेलं अंडं तीन-चार दिवसांत पूर्ण काळं, चकचकीत होतं आणि माशी निघून गेली की त्याला बारीक गोल भोक दिसतं. फुटायला आलेल्या चांगल्या अंड्यातही काळा ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं. फरक नीट ओळखा. बहुतेक अंडी पूर्ण काळी असतील तर फवारणीचा पंप घरातच राहू द्या.

सांगलीकरांना लोकरी मावा, उसाच्या पानांतला रस शोषणारी ती पांढरी कीड, विसरता येणार नाही. २००२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातून त्याने उसाला घेरलं, पानं पांढरीफट्ट झाली, माणसं औषध मारून थकली. तो आटोक्यात आला त्यात मित्रकीटकांचा मोठा हात होता: डिफा, म्हणजे आपण कोनोबाथ्रा म्हणतो ती मावा खाणारी अळी, मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक, आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया ही परजीवी माशी. आजही माव्याचा पट्टा दिसला की आधी त्यात या अळ्या आहेत का ते बघा. असल्या तर ती पानं तोडून मावा असलेल्या दुसऱ्या सऱ्यांत टाका. पाचट जाळू नका. त्यात असंख्य मित्रकीटक आसरा घेतात.

तासगावच्या ताईंनी द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणाबद्दल वेगळं विचारलं आहे. ताई, तिथेही ॲनागायरस नावाची परजीवी माशी येते, पण खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिला ढेकणापर्यंत पोचू देत नाही. गोड चिकटा मिळतो म्हणून मुंग्या ढेकणांची राखण करतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, खोडाची सुटी साल काढून टाका.

अंडी किंवा ढेकूण ओळखता आले नाहीत तर ते पान कागदी पाकिटात घालून कृषी कार्यालयात आणा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, वाफ धरून नमुना सडतो. पाकिटावर पीक, लागणीची तारीख आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली, एवढं लिहा.