क्वार्टरबॅकमधला पाव नेमका कशाचा?

एका ताईंनी विचारलंय की त्यांचा भाचा न्यू जर्सीत शिकतो, रविवार आला की अमेरिकन फुटबॉल लावून बसतो, आणि फोनवर सगळं मराठीतच सांगायचा प्रयत्न करतो पण ‘क्वार्टरबॅक’पाशी अडतो. तर क्वार्टरबॅक म्हणजे सामन्याच्या चार क्वार्टरपैकी एकच क्वार्टर खेळणारा माणूस का, आणि त्याला मराठीत काय म्हणायचं? शिवाय जाताजाता, ग्रीन बे पॅकर्स हा तिकडचा संघ म्हणजे आपले ते सामान बांधून देणारे पॅकर्स-मूव्हर्स का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे, आणि त्याचा पुरावा तारखांतच सापडतो. क्वार्टरबॅक हा शब्द तिकडच्या नियमांत १८८० साली आला आणि सामन्याचे चार भाग पाडायचं ठरलं १९१० साली, त्याआधी नुसते दोन अर्ध होते. म्हणजे वेळेतला क्वार्टर जन्मला तेव्हा हा शब्द तीस वर्षांचा झाला होता, त्यामुळे तो वेळेचा पाव असूच शकत नाही. हा पाव अंतराचा आहे. पुढची फळी एकमेकांना भिडून उभी, तिच्या मागे थोड्याच अंतरावर उभा तो क्वार्टरबॅक, त्याच्या मागे निम्म्यावर हाफबॅक, आणि सगळ्यात मागे फुलबॅक. पाव मागे, अर्धा मागे, पुरता मागे, बस इतकंच. हा हिशोब रग्बीतून आलाय आणि रग्बीत तर थ्री-क्वार्टर बॅकही असतात, म्हणजे पाऊणबॅक! इंग्रजीत त्यासाठी तीन आणि पाव असे दोन शब्द जोडावे लागतात, आपल्याकडे पाऊण हा एकच शब्द तयार आहे, त्यामुळे मला कायम वाटतं की ही मांडणी मराठी माणसाला समजावून सांगणं सगळ्यात सोपं.

आता पाव शब्दाचंच बघा. संस्कृत पाद म्हणजे पाय, चार पायांतला एक म्हणून चौथा हिस्सा, त्यातून आपला पाव आला. सपाद म्हणजे सव्वा आणि पाद-ऊन म्हणजे पाऊण. म्हणजे आपल्या पावात पाय लपलेला आहे आणि ज्या खेळाबद्दल बोलतोय त्याच्या नावातही पाय आहे. हा निव्वळ योगायोग, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला हे दिसलं तेव्हा फार आनंद झाला म्हणून सांगितलं.

आणि पायावरूनच आठवलं, हातात बॉल धरून पळणाऱ्या खेळाला फुटबॉल का म्हणतात असं आपल्याकडे प्रत्येकजण विचारतो. तर ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत जो सामना झाला, ज्याला या खेळातला पहिला कॉलेज सामना मानतात, त्यात एका बाजूला २५ जण होते आणि बॉल उचलून पळायला परवानगीच नव्हती. रटगर्स ६-४ ने जिंकलं. हे झालं न्यू ब्रन्सविकला, म्हणजे भाच्याच्याच राज्यात, आणि एडिसनला राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं त्या जागेपासून गाडीने थोड्या अंतरावर आहेत. हातात घेऊन पळणं नंतर रग्बीच्या वाटेने आलं. इतकंच काय, १८८० च्या ज्या नियमात क्वार्टरबॅक हे नाव आलं त्याच नियमात लिहिलंय की फळीतल्या माणसाने बॉल पायाने मागे सारायचा, आणि तो पहिल्यांदा ज्याच्या हातात येईल तो क्वार्टरबॅक, मात्र त्याने स्वतः बॉल घेऊन पुढे धावायचं नाही. हे नियम वॉल्टर कॅम्प नावाच्या येल विद्यापीठातल्या माणसाच्या पुढाकाराने झाले. म्हणजे जन्माच्या वेळी क्वार्टरबॅक हा फक्त घेणारा आणि देणारा होता, पुढे फेकायचा तर प्रश्नच नव्हता कारण पुढे पास द्यायला परवानगीच मिळाली १९०६ साली.

खरी गंमत पुढे आहे आणि ती व्यावसायिक खेळातली आहे. एनएफएल ही तिकडची व्यावसायिक लीग १९२० ला सुरू झाली तरी पुढची वीसेक वर्षं क्वार्टरबॅक म्हणजे आज आपण समजतो तो डाव चालवणारा, पास फेकणारा नायक नव्हताच. तेव्हा बहुतेक संघ सिंगल विंग नावाची रचना लावायचे, त्यात बॉल थेट सगळ्यात मागच्या टेलबॅककडे जायचा, पळायचा तोच आणि फेकायचाही बऱ्याचदा तोच, आणि क्वार्टरबॅक बिचारा पुढे होऊन समोरच्यांना अडवायचा. वॉशिंग्टनचा सॅमी बॉ हा आजही थोर क्वार्टरबॅक म्हणून मोजला जातो, पण १९३७ ला तो आला तेव्हा टेलबॅक होता आणि १९४४ ला संघाने रचना बदलली तेव्हा कुठे क्वार्टरबॅक झाला. त्याआधीच्याच वर्षी, १९४३ ला, हा एकटा माणूस पास फेकण्यात, पंट मारण्यात (म्हणजे हातातला बॉल सोडून लांब लाथाडण्यात) आणि प्रतिस्पर्ध्याचे पास मधेच पकडण्यात, तिन्हीत लीगमधे पहिला आला. आज असं कोणी करू शकणार नाही कारण आज फेकणारा, लाथ मारणारा आणि पास मधेच पकडणारा हे तीन वेगळे धंदे झालेत.

शब्दाचा अर्थ पालटला तो दिवस सांगायचा झाला तर मी ८ डिसेंबर १९४० सांगेन. फायनल होती, वॉशिंग्टन विरुद्ध शिकागो बेअर्स, आणि तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनने त्यांना ७-३ ने हरवलं होतं. बेअर्स टी नावाची रचना घेऊन आले, त्यात क्वार्टरबॅक फळीच्या अगदी पाठीला चिकटून उभा, प्रत्येक वेळी बॉल आधी त्याच्याच हातात, मग द्यायचा का फेकायचा का फसवायचं ते सगळं त्याच्याकडून. सिड लकमन हा त्यांचा क्वार्टरबॅक. निकाल ७३-०. ही आजही एनएफएलमधली सगळ्यात मोठी हार आहे. अकरा टचडाउन झाले, म्हणजे अकरा वेळा बॉल घेऊन समोरच्यांच्या हद्दीत पोचले, आणि प्रत्येकानंतर जादाच्या एका पॉइंटसाठी मारलेल्या किकने बॉल प्रेक्षकांत जायचा तो परत यायचाच नाही, शेवटी पंचांकडचे बॉल संपत आले म्हणून त्यांनी बेअर्सना विनंती केली की बाबांनो आता लाथ मारू नका, तो एक पॉइंट पळून किंवा पास देऊन घ्या. या सामन्यानंतर एकेक करत सगळे टी कडे वळले आणि क्वार्टरबॅक पुन्हा खऱ्या अर्थाने पावावर उभा राहिला.

पण शब्द जागेवर राहतो आणि माणसं हलतात. आज क्वार्टरबॅक बऱ्याचदा पाच यार्ड मागे उभा राहून बॉल घेतो, त्याच्या बाजूलाच धावणारा बॅक उभा असतो, म्हणजे पाव आणि अर्धा एका रेषेत. आणि आय नावाच्या रचनेत फुलबॅक पुढे आणि टेलबॅक त्याच्या मागे असतो, म्हणजे ज्याच्या नावात ‘पुरता मागे’ आहे तो शेवटचा नसतोच. म्हणून ‘पावरक्षक’ वगैरे शब्द घडवणाऱ्यांना मी हात जोडून विरोध करतो, ज्या अंतरावरून नाव पडलं ते अंतरच राहिलं नाही तर त्याचं भाषांतर करून भाच्याला काय कळणार? कबड्डीत आपण ‘लोण दिला’ म्हणतो तेव्हा लोण म्हणजे मीठ का असं विचारत कोणी थांबत नाही, तसंच क्वार्टरबॅक सरळ क्वार्टरबॅक म्हणावं.

त्याच क्वार्टरबॅकभोवती जमणारं हडल मात्र मला सगळ्यात लाडकं आहे, कारण हा शब्द आता क्रिकेटमुळे आणि ऑफिसांमुळे मराठीत रोज ऐकू येतो. हडल म्हणजे दाटीने गोळा होणं, इंग्रजीत तो आधीपासून होताच, पण मैदानावरचं हडल रूढ केल्याचं श्रेय दिलं जातं ते वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजला, १८९० च्या दशकात. त्यांचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड खाणाखुणांच्या भाषेत डाव सांगायचा, समोर दुसरा कर्णबधिर संघ आला की त्यांना ते सगळं वाचता यायचं, म्हणून त्याने सगळ्यांना गोल उभं करून मधे हात लपवले. पुढे १९५६ ला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या पॉल ब्राउन या कोचने डाव बाहेरून सांगता यावा म्हणून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधेच रेडिओ बसवला, लीगने त्यावर लगेच बंदी घातली आणि १९९४ ला स्वतःच परवानगी दिली.

याच ब्राउन्समुळे ‘टॅक्सी स्क्वॉड’ हा शब्द आला. त्यांच्या मालकाची शहरात टॅक्सी कंपनी होती, संघात जागा नसलेल्या पण सोडवत नसलेल्या खेळाडूंना टॅक्सी कंपनीच्या पगारावर ठेवायचे म्हणून राखीव खेळाडू म्हणजे टॅक्सी स्क्वॉड. किती सरळ शब्द आहे बघा.

आता पॅकर्स. नाही, सामान बांधणारे नाहीत, पण डबे भरणारे नक्की. १९१९ ला ग्रीन बे या विस्कॉन्सिनमधल्या छोट्या गावात कर्ली लॅम्बो हा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत कामाला होता, कंपनी मांस डब्यात भरून विकायची, त्याने जर्सीसाठी पैसे मागितले आणि कंपनीने ५०० डॉलर दिले. थोड्याच दिवसांत कंपनी दुसऱ्याने घेतली, नाव मात्र शंभर वर्षांहून जास्त टिकलं. नावातलं इंडियनही आपलं नव्हे हं, ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून. बेअर्सही आधी एका स्टार्च कंपनीचा संघ होता, १९२१ ला शिकागोत आला आणि कब्ज या बेसबॉल संघाच्या मैदानावर खेळायला लागला. कब्ज म्हणजे अस्वलाची पिल्लं, फुटबॉलवाले अंगाने मोठे, म्हणून १९२२ पासून ही अस्वलं.

आणि महायुद्धातले जोडशब्द तर अगदी आपल्या वळणाचे. खेळाडू सैन्यात गेले म्हणून १९४३ ला पिट्सबर्गचे स्टीलर्स आणि फिलाडेल्फियाचे ईगल्स एकत्र खेळले, लोकांनी त्यांना स्टीगल्स केलं, आणि ते पाच जिंकले, चार हरले, एक बरोबरी. पुढच्या वर्षी पिट्सबर्गची जोडी कार्डिनल्सबरोबर लागली, नाव पडलं कार्ड-पिट, आणि दहाच्या दहा सामने हरले. मग कार्ड-पिटचं लोकांनी केलं कार्पेट्स, कारण जो येईल तो यांच्यावर पाय देऊन जाई. मराठीत याला पायपुसणं हा शब्द इतका चपखल बसतो की भाच्याने पुढच्या वेळी तोच वापरावा.

राहिला वापराचा प्रश्न. क्वार्टरबॅक पुल्लिंगी, क्वार्टरबॅकने, क्वार्टरबॅकला. डाउन, म्हणजे बॉल पुढे नेण्याचा एकेक प्रयत्न, हाही पुल्लिंगी ठेवावा, पहिला डाउन, चौथा डाउन. टचडाउन ‘केला’ म्हणावं, आपण गोल केला म्हणतो त्याच चालीवर. ‘मारला’ नको, कारण त्यात बॉल मारायचा नसतो, घेऊन पोचायचं असतं. हडल मात्र ‘केलं’ असंच तोंडात बसतं. आणि पास ‘टाकला’ म्हटलं की आपल्या कानाला गोलंदाज आठवतो, म्हणून क्वार्टरबॅकने पास फेकला.