एकच मरून टॉवेल, चार फोटोंत चार रंगांचा

प्रश्न : काका, नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कॅटलॉगसाठी साडेसहाशे फोटो काढले. एकेक उघडून कडा काप, उजेड वाढव, लहान कर, सेव्ह कर, यात चार रात्री गेल्या. मग पुतण्यानं फोटोशॉपात अ‍ॅक्शन बनवून सगळे एकदम लावले, तर फोल्डरात एकच फोटो उरला! दुसऱ्या खेपेला उभे फोटो आडव्यांपेक्षा अवाढव्य झाले, आणि एकच मरून टॉवेल चार फोटोंत चार रंगांचा दिसतोय. चुकतंय कुठं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी पुतण्याला चहा पाजा. त्याची वाट बरोबर आहे.

अ‍ॅक्शन म्हणजे टेपरेकॉर्डर. रेकॉर्ड चालू असताना तुम्ही जे जे कराल ते सगळं त्यात उतरतं, सेव्ह करताना टाईप केलेलं नावसुद्धा. मग साडेसहाशे फोटो त्याच नावानं एकावर एक बसत गेले आणि शेवटचा तेवढा टिकला. रेकॉर्ड करताना नावाला हात लावू नका. सगळ्या फोटोंवर अ‍ॅक्शन एकदम चालवणाऱ्या बॅचच्या खिडकीत डेस्टिनेशनला वेगळं फोल्डर द्या आणि ‘ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स’वर टिक करा. सेव्ह अ‍ॅजची पायरी अ‍ॅक्शनमध्ये असू द्या. जेपीईजीची क्वालिटी तिच्यातूनच घेतली जाते.

उभ्या फोटोंचं कारण सोपं आहे. पुतण्यानं रुंदी पक्की केली असणार, समजा 1500 पिक्सेल. आडवा फोटो झाला 1500 बाय 1000, उभा झाला 1500 बाय 2250. इमेज साइझऐवजी फाइल मेन्यूतल्या ऑटोमेटमधलं ‘फिट इमेज’ रेकॉर्ड करा आणि दोन्ही खान्यांत 1500 भरा. उभा असो, आडवा असो, लांब बाजू तेवढीच राहील.

आता मरून टॉवेल. अ‍ॅक्शनमध्ये ‘ऑटो कलर’ आहे, पैजेवर सांगतो. ऑटो प्रत्येक फोटोचा निवाडा वेगळा करतो, शेजारच्या फोटोत काय ठरलं ते त्याला ठाऊक नसतं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागच्या माणसांची पांढरी बाराबंदी मी एका वर्षी ऑटोवर सोडली होती. एका फोटोत ती सायीसारखी, पुढच्यात निळसर, आणि माणसं तीच! तुमच्या धंद्यात तर गिऱ्हाईक फोटोतला रंग बघून ऑर्डर देतं, माल वेगळा निघाला की परत.

त्यामुळे रंग अ‍ॅक्शनवर सोपवू नका. एकाच उजेडात फोटो काढा, खिडकी आणि ट्यूबलाइट एकत्र नको. पहिल्या फोटोत टॉवेलाशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, ठेवा. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या मूळ फाइली, असतील तर सगळ्या फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये एकदम उघडा, कार्डवर व्हाइट बॅलन्सचा (उजेडाची रंगछटा काढण्याचा) ड्रॉपर टेकवा, आणि तीच सेटिंग बाकीच्यांना सिंक करा. उजेड बदलला की नवं कार्ड, नवा गठ्ठा.

कडा कापायचं काम कॅमेरा ट्रायपॉडवर आणि टॉवेल एकाच जागी असेल तरच बॅचला द्या. हातात कॅमेरा धरून काढले असतील तर ते हातानंच करावं लागणार, त्याला इलाज नाही.

आणि मूळ फोटोंवर कधीच काही चालवू नका. मी चालवलंय. लग्नाचे तीनशे फोटो मोबाइलवर पाठवायला 800 पिक्सेलचे केले, ते जुन्यांवरच सेव्ह झाले. अल्बमच्या बारा बाय छत्तीस इंचांच्या पानाला ते कसे पुरणार? नवरीच्या वडिलांसमोर उभं राहताना शर्ट पाठीला चिकटला होता. तेव्हापासून आधी फोल्डरची कॉपी, मग बाकी सगळं.

आधी दहाच फोटोंवर करून बघा, पाच उभे, पाच आडवे. मरून टॉवेल त्या दहांत हवाच.