नागपुरात खापरीच्या पुढची मेट्रो आखताय? आधी हे बघा

भाऊ, खापरीपासून बुटीबोरीकडे जाणाऱ्या मेट्रोचा तुम्ही टाकलेला नकाशा पाहिला. उत्साह झकास, पण रेघ प्रत्येक चौकाला शिवत चाललीय. नवीन माणूस हमखास हेच करतो. वळणं वाढली की गाडीचा वेग जातो आणि लोक परत दुचाकीवर बसतात.

सुरुवातीला एवढंच पाहा:

- माणूस कुठून कुठे जातो? बुटीबोरीला एमआयडीसी आहे, म्हणजे शिफ्टची वेळ आधी, स्टेशनची जागा नंतर.
- गाडी बदलायचं स्टेशन. सीताबर्डीला मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइन वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकींना छेदतात. तिथे उभं राहून बघा: सामान घेतलेल्या बाई सरकत्या जिन्याकडे वळतात की लिफ्ट शोधतात? कागदावर दोन रेघा मिळाल्या की काम झालं असं वाटतं, पण प्रवाशाला मधलं अंतर चालायचं असतं. स्टेशनबाहेर तर मे महिन्यात, आपल्या उन्हात!
- फीडर बस (स्टेशनपर्यंत ने-आण करणारी) आणि ऑटोला थांबायला जागा. ही आत्ताच राखा.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात कन्हान, हिंगणा, ट्रान्सपोर्ट नगरही आहेत, पण तुम्ही एकच टोक धरा. सिग्नलिंग, डबे, खर्चाचे तक्ते सध्या राहू द्या. रविवारी खापरीपर्यंत जाऊन या, मग सुधारलेला नकाशा टाका.