हाताने घडवलेल्या स्टोनवेअरच्या बरणीत कैरीचं लोणचं मुरवलं तर चालेल का?

चालेल, फक्त बरणीला आतून अखंड, काचेसारखा गुळगुळीत ग्लेझ, म्हणजे मातीवर भाजून चढवलेला चकचकीत लेप, हवा. स्टोनवेअर म्हणजे खूप उष्णतेला भाजलेली मातीची भांडी, ती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या तापमानाला माती घट्ट होऊन जवळजवळ पाणी शोषेनाशी होते, म्हणून मीठ आणि आंबटपणा तिला बाधत नाही. आपल्या जुन्या चिनी मातीच्या बरण्या याच जातीच्या. मी स्वतः अशी भांडी घडवते, त्यावरून सांगते: खरा प्रश्न मातीचा नसतो, ग्लेझचा असतो. तांब्याचा हिरवा किंवा अगदी खरखरीत मॅट (बिनचमकीचा) ग्लेझ आंबटाला रंग सोडू शकतो. घरी तपासायचं तर लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवा. सकाळी तिथे डाग किंवा फिकटपणा दिसला तर ती बरणी लोणच्याला नको, कोरडे पदार्थ ठेवा. डाग नाही पडला म्हणजे ग्लेझमध्ये शिसं, म्हणजे विषारी धातू, नाही असं मात्र सिद्ध होत नाही. ते बनवणाऱ्यालाच विचारायचं. ग्लेझवर बारीक तडे असले तरी लोणचं भरू नका, त्यांत तेल-मसाला मुरून वास धरतो.

भरण्याआधी:
- बरणी धुऊन कडक उन्हात वाळवा. तळाच्या आणि काठाच्या ग्लेझ नसलेल्या भागात ओल राहते.
- हिंगाची धुरी हवी तर जरूर द्या, पण जळता निखारा थेट तळावर नको.
- फोडणी पूर्ण गार करूनच ओता. गरम तेलाने थंड बरणी तडकू शकते, मग ती कितीही जाड असो.